नात्याचा जामीन

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात सासूला जागा नाही. सून अमेरिकन नागरिक असली, घर तिच्या नावावर असलं, पगार नवऱ्यापेक्षा जास्त असला, तरी सासूसाठी तिला अर्ज करता येत नाही. तो मुलानंच करायचा. तोही नागरिक झाल्यावर आणि वयाची एकवीस वर्षं भरल्यावर. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्याला आईवडिलांसाठीसुद्धा अर्ज करता येत नाही, फक्त नवरा-बायको आणि अविवाहित मुलांसाठी येतो. नातवानं आजीसाठी किंवा भाच्यानं मामासाठी अर्ज करण्याची तर कायद्यात सोयच नाही. चुलत, मामे, मावस, आते ही सगळी भावंडं त्याच्या लेखी परकी.

आणि तरीही २०१७च्या जूनमध्ये याच देशाच्या परराष्ट्र खात्यानं सासूला जवळचं नातेवाईक म्हणून मान्यता दिली. ट्रम्प प्रशासनाची प्रवासबंदी तेव्हा सर्वोच्च न्यायालयापुढे होती. ज्यांचं अमेरिकेतल्या कुणाशी खरोखरचं जवळचं नातं आहे त्यांना ती तूर्त लागू करू नका, असं न्यायालयानं सांगितलं. मग जवळचं नातं म्हणजे कोणतं? खात्यानं यादी काढली. तीत सासू-सासरे, सून, जावई आले; आजी-आजोबा आणि नातवंडं बाहेर राहिली. हवाईतले फेडरल न्यायाधीश डेरिक वॉटसन यांनी जुलैत ही यादी मोडीत काढली. आजी-आजोबांहून जवळचं कोण, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. म्हणजे एकाच सरकारच्या एका कागदावर सासू आत आणि आजी बाहेर, दुसऱ्या कागदावर दोघीही बाहेर. सरकारला कुटुंब म्हणजे काय ते ठाऊक असतं, असं आपण उगीच धरून चालतो. प्रत्येक कायदा आपल्या सोयीपुरतं कुटुंब बनवतो.

परदेशातल्या नातेवाइकानं आपल्याला स्पॉन्सर करणं याबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुधा 'फाइल लावली का' आणि 'नंबर कधी लागणार' एवढ्यापुरतं. पात्रतेच्या अटी ही कागदपत्रांची कटकट, वकिलावर सोपवायची. मला मात्र त्या अटी वाचायला आवडतात. एखादं राष्ट्र नात्याकडे कसं पाहतं, याचा इतका उघड मजकूर दुसरीकडे क्वचितच मिळतो. त्यात नातं सरळसरळ देणं म्हणून नोंदलेलं असतं, पै-पैशाच्या हिशेबानं. जमेच्या बाजूला काय येतं, याचा रकानाच नसतो.

अमेरिकेतलं हे कायदेशीर कुटुंब घडलं १९६५ साली. त्याआधी आपल्याला तिथलं दार जवळपास बंदच होतं. १९१७च्या कायद्यानं आशियाचा मोठा पट्टाच वर्ज्य ठरवला होता. १९४६मध्ये सवलत मिळाली ती वर्षाला शंभर भारतीयांपुरती. राष्ट्रांनुसार ठरलेले कोटे रद्द करायला हार्ट-सेलर कायदा आला, तेव्हा ओहायोचे प्रतिनिधी मायकेल फीगन यांनी आग्रह धरला की कौशल्यापेक्षा नात्याला झुकतं माप द्या. हिशेब साधा होता. ज्यांचे नातेवाईक इथं आहेत तेच येणार, आणि इथं आहेत ते बहुतेक युरोपीय. तेव्हा कोटे गेले तरी देशाचा चेहरामोहरा बदलायचा नाही. भावंडांच्या वाट्याला इतकी जागा आली की लोक त्याला भाऊबहिणींचा कायदा म्हणू लागले. हिशेब पार चुकला. युरोपातल्या लोकांना यायची निकड उरली नव्हती. उलट नोकरीच्या वाटेनं आलेला भारतीय डॉक्टर किंवा इंजिनियर नागरिक झाला की त्याच कलमाखाली भावाची फाइल लावू लागला. आपल्याकडच्या कितीतरी घरांचा अमेरिकेतला मुक्काम असा एका फसलेल्या डावपेचातून सुरू झाला आहे.

आज त्या कलमाची अवस्था काय आहे? नागरिकाचा जोडीदार, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं आणि आईवडील यांना संख्येची मर्यादा नाही. भावंडांना वर्षाला ६५,००० व्हिसे, तेही साऱ्या जगात मिळून, आणि कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्के. म्हणजे भारताच्या वाट्याला साडेचार हजारांच्या आसपास. यात भावाची बायको-मुलंही मोजली जातात; एका घरामागे तीन-चार व्हिसे धरले तर वर्षाला अकराशे ते पंधराशे भावंडांचं काम होतं. परिणामी २०२५ साली २००६च्या अर्जांचे नंबर लागत होते. समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षकासाठी न्यू जर्सीतल्या बहिणीनं २००६मध्ये अर्ज केला. तेव्हा तो पस्तिशीत, मुलगा आठ वर्षांचा. आता तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर आणि मुलगा सत्तावीस वर्षांचा. एकविशी ओलांडल्यामुळे मुलगा बापाबरोबर जाऊ शकत नाही. सरकारला अर्ज मंजूर करायला जितका वेळ लागला तेवढा वयातून वजा करण्याची सवलत २००२च्या कायद्यानं दिली, पण त्यानं एवढी मोठी दरी बुजत नाही. आणि अशा मुलांना बापाच्या अर्जाची जुनी तारीख मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये ठरवलं. ज्या मुलाच्या भवितव्यासाठी म्हणून बापानं फाइल लावून घेतली, तोच मागे राहतो.

हे कलमच काढून टाका, अशी मागणी अधूनमधून होते. २०१३मध्ये सिनेटनं मंजूर केलेल्या विधेयकात भावंडांचा वर्ग रद्द होणार होता. ते प्रतिनिधीगृहात अडलं. २०१७चं रेझ विधेयक त्याही पुढं गेलं: आईवडिलांनाही कायमचा व्हिसा नको, काम करता येणार नाही असा पाच वर्षांचा पाहुण्याचा परवाना द्या आणि विमा मुलानं उतरवावा. 'साखळी स्थलांतर' हा शब्द तेव्हा शिवीसारखा वापरला जात होता. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८मध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचे आईवडील अमेरिकेचे नागरिक झाले. लेकीनंच त्यांना स्पॉन्सर केलं होतं. साखळी नेहमी दुसऱ्याची असते.

ऑस्ट्रेलियानं कुटुंब मोजायची निराळी रीत काढली आहे. तिथं आईवडिलांना बोलवायचं तर त्यांची निम्मी तरी मुलं ऑस्ट्रेलियात कायमची असायला हवीत, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा तिथं जास्त. एक मुलगा मेलबर्नला, दोघी मुली पुण्यात-नाशकात, तर आईवडील नापास. मुली विचारतात की नाही, सून कशी आहे, हे कोण पाहतो! आणि पास झालात तरी साध्या वर्गातली रांग तीस वर्षांच्या आसपास. लवकर हवं तर माणशी चाळीस हजार डॉलरांहून जास्त मोजायचे. सत्तरीच्या माणसाला तीस वर्षांची रांग दाखवण्यापेक्षा सरळ नाही म्हणणं सभ्यपणाचं झालं असतं.

नातं कायद्यात बसलं की ते सिद्ध करायचं, आणि इथं मराठी घरांची खास पंचाईत होते. अमेरिकेला जन्माचा दाखला हवा, त्यावर बाळाचं नाव हवं. आपला जन्ममृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९चा. त्याआधीची नोंद नगरपालिकेच्या वहीत सापडलीच, तर नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलेलं असतं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. पुष्कळदा नोंदच सापडत नाही. मग तसा दाखला मिळवायचा, जोडीला शाळा सोडल्याचा दाखला लावायचा आणि जन्म प्रत्यक्ष ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं करून घ्यायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या जन्माचा साक्षीदार आणायचा कुठून? पंचाऐंशीच्या मामांना रिक्षात बसवून नोटरीकडे नेतात. माझी धाकटी बहीण अमुक तारखेला कऱ्हाडला जन्मली, असं ते स्टॅम्पपेपरवर सांगतात. त्यांना खरोखर आठवत असतं ते एवढंच, की त्या साली कृष्णेला मोठं पाणी आलं होतं.

त्यापुढे नावाचा घोळ. शाळेच्या दाखल्यावर 'कुसुम विष्णू', पासपोर्टवर 'मंगला श्रीधर', आडनावं दोन निराळी. लग्नात तबकातल्या तांदळांवर अंगठीनं जे नाव लिहिलं गेलं त्याला पन्नास वर्षांनी पुरावा मागितला जाईल, हे त्या मांडवात कुणाच्या डोक्यात आलं असेल? नवऱ्याचं आडनाव लावणं व्हिसा अधिकाऱ्याला समजतं. बाईचं पाळण्यातलं नावच गेलं, मधलं वडिलांचं नावही गेलं, हे समजावताना राजपत्र, प्रतिज्ञापत्र, जपून ठेवलेली लग्नपत्रिका, हाताला लागेल ते फायलीत घालावं लागतं. तरी शंका राहिली तर डीएनए चाचणी सुचवतात. सासरी हौसेनं बदललेल्या नावामुळे लेकीला आपली आई आपलीच असल्याचं रक्तानिशी सांगावं लागतं.

दत्तकाचं आणखीच वेगळं. जुन्या मुंबई इलाख्याच्या रूढीप्रमाणे कोणत्याही वयाचा, अगदी लग्न होऊन मुलंबाळं असलेला पुरुषही दत्तक जाऊ शकतो. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यानं पंधरा वर्षांची मर्यादा घातली, पण रूढी असेल तिथं सूट ठेवली. अमेरिका सर्वसाधारणपणे सोळाव्या वाढदिवसाआधीचं दत्तकविधान धरते आणि वर दोन वर्षं सांभाळल्याचा पुरावा मागते. तिशीत दत्तक गेलेला माणूस इथल्या दिवाणी न्यायालयात मुलगा ठरतो, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत ठरत नाही.

एवढं पार पडल्यावर खरी अट समोर येते: पैसा. १९९६च्या कायद्यापासून आधाराचं प्रतिज्ञापत्र, ज्याला सगळे आय-८६४ म्हणतात, हा सरकारशी केलेला बांधील करार झाला आहे. स्पॉन्सरचं उत्पन्न घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. नवरा, बायको, एक मूल आणि येणारे आईवडील अशा पाच जणांसाठी २०२५च्या दरानं ते वर्षाला सुमारे ४७,००० डॉलर होतं. ही दारिद्र्यरेषा मॉली ओर्शान्स्की या सोशल सिक्युरिटी खात्यातल्या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९६०च्या दशकाच्या आरंभी मांडली. काटकसरीच्या आहाराला किती खर्च येतो ते त्यांनी काढलं आणि त्याला तिनानं गुणलं, कारण तेव्हा कुटुंबांच्या मिळकतीचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर जात असे. पुढे महागाईप्रमाणे आकडे वाढत गेले, पाया तोच राहिला. घरभाडं, डॉक्टर, पाळणाघर यांचे भाव कुठल्या कुठे गेले. पण मुलगा आईला पोसू शकेल का, हे आजही साठ वर्षांपूर्वीच्या किराण्याच्या पिशवीवर ठरतं.

सॉफ्टवेअरमधल्या मुलाला हा आकडा माहीतही नसतो. मोटेलच्या काउंटरवर किंवा किराणा दुकानात तासावर राबणाऱ्याला मात्र तो गाठता येत नाही. त्याला जोड-जामीन शोधावा लागतो, आणि तो माणूस तितकाच बांधला जातो. आपल्याकडेही मुलावर आईवडिलांची जबाबदारी कायद्यानं टाकली आहेच. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरण महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह द्यायला लावू शकतं. पण ते देणं मुलगा असण्यातून येतं, आणि त्याची ऐपत पाहून ठरतं. कमाई कमी म्हणून तो मुलगा राहत नाही असं होत नाही. स्पॉन्सरशिपमध्ये तसं होतं: अमुक डॉलरांच्या खाली नातं निरुपयोगी.

हा जामीन सुटतो कधी? आलेला माणूस नागरिक झाला, त्याच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमा झाल्या, तो वारला किंवा देश कायमचा सोडून गेला, तर. घटस्फोटानं सुटत नाही. हे कलम बायकोलाही लागू पडतं: नवऱ्यानं तिचं ग्रीन कार्ड करताना ही सही केली असेल, तर वेगळं झाल्यावरही तिला त्या कराराच्या जोरावर न्यायालयात जाऊन त्या पातळीपर्यंतचा निर्वाह मागता येतो. एच-४वर, म्हणजे नोकरीसाठी गेलेल्याच्या जोडीदाराच्या तात्पुरत्या व्हिसावर, गेलेल्या मुलीला याचा उपयोग नाही, कारण तिथं असा करारच नसतो. परदेशात मुलगी देणाऱ्या आईबापांनी पत्रिका जुळवण्याआधी हा फरक पाठ करावा. साऱ्या व्यवस्थेतला मला पटलेला भाग हाच: इथं सरकारच्या तिजोरीसाठी घेतलेली हमी दुबळ्या बाजूच्या कामी येते.

ब्रिटनचं गणित उलटं आहे. जोडीदारासाठी तिथंही उत्पन्नाची पायरी आहे. २०१२मध्ये ती १८,६०० पौंडांवर बसवली, एप्रिल २०२४मध्ये २९,०००वर नेली, आणि ३८,७००पर्यंत चढवायचा बेत सरकार बदलल्यावर थांबला. दरम्यान बाप एका देशात आणि आई-मूल दुसऱ्या, अशी पडद्यावर भेटणारी कुटुंबं तयार झाली. आईवडिलांसाठी मात्र २०१२चे नियम वेगळ्याच तऱ्हेचे आहेत. आंघोळ, कपडे, स्वयंपाक अशी रोजची कामंही आईला वय किंवा आजारपणामुळे जमत नाहीत, आणि मुलानं पैसे पाठवूनही मायदेशी तशी शुश्रूषा मिळत नाही, हे दोन्ही दाखवावं लागतं. पुण्यात-ठाण्यात ब्युरोची बाई दिवसपाळीला मिळते, रात्रपाळीलाही मिळते. ब्युरोला एक फोन केला की अर्ज संपला. म्हणून तिथल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटना या नियमाविरुद्ध सतत बोलत आल्या आहेत. त्यांच्याकडे पैसे आहेत, हाच त्यांच्या आईविरुद्धचा पुरावा. अपील न्यायालयानं २०१७मध्ये नियम वैध ठरवले, मात्र शुश्रूषेत भावनिक गरजही धरावी असं म्हटलं. तेवढ्यानं दार फारसं उघडलेलं नाही. अमेरिकेत गरीब मुलगा नापास होतो, ब्रिटनमध्ये ऐपतदार.

कॅनडा आजी-आजोबांना कुटुंबात धरतो, हे त्याचं मोठेपण. पण २०१४पासून मुलानं वीस वर्षांची हमी द्यायची, आणि लागोपाठ तीन वर्षांच्या करपत्रांवर ठरलेल्या किमान रकमेपेक्षा तीस टक्के जास्त उत्पन्न दाखवायचं. एवढं असून अर्ज करायला मिळेलच असं नाही. जानेवारी २०१९मध्ये अर्जाची खिडकी ऑनलाइन उघडली आणि अकरा मिनिटांच्या आत भरून बंद झाली; ज्याची बोटं कीबोर्डवर भराभर चालली त्याची आई आत. ओरड झाल्यावर सोडत आली. ज्यांना चिठ्ठी लागत नाही त्यांच्यासाठी सुपर व्हिसा: एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहा, पण निदान एक लाख डॉलरांचा आरोग्यविमा स्वतः काढा. या देशानं व्यवहार निदान झाकलेला नाही. आजीचा सहवास हवा, तिचं म्हातारपण नको.

आता खर्चाच्या बाजूचं म्हणणं खोटं आहे असं नाही. आरोग्यसेवा आयुष्यभर भरलेल्या करांवर चालते. सत्तराव्या वर्षी आलेल्या माणसानं त्यात काही भरलेलं नसतं आणि त्याला गुडघे-मोतीबिंदू-हृदय सगळंच एकदम लागतं. मुलानं हमी द्यावी, यात अन्याय नाही. आणि कुलपं आहेतच: अमेरिकेत नव्यानं आलेल्या आईला पाच वर्षं बहुतेक सरकारी मदत मिळत नाही, मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमाही तेवढा काळ राहिल्यावरच विकत घेता येतो.

पण जमेचं काय? अमेरिकेत पगारी बाळंतरजा देशव्यापी कायद्यानं सक्तीची नाही. १९९३च्या कायद्यानं मिळते ती बारा आठवड्यांची आणि बिनपगारी, तीही सगळ्यांना नाही. मोठ्या शहरांत तान्ह्या बाळाचं पाळणाघर महिन्याला हजार-दोन हजार डॉलर सहज घेतं. हे खिंडार कोण बुजवतं? सांगलीहून आई जाते. डिंकाचे लाडू, अळीव, बाळाला लावायचं तेल, कस्टममध्ये अडू नये म्हणून नीट बांधलेली मेतकुटाची पुडी. तिच्या पर्यटक व्हिसाचे सहा महिने भरत आले की सासू ठाण्याहून निघते. दोघींच्या तिकिटांच्या तारखा जुळवून बाळाचं पहिलं वर्ष काढायचं, हा तिथल्या मराठी घरांतला ठरलेला बेत आहे. सून कामावर रुजू होते, कर भरते, घराचा हप्ता फिटतो. या साऱ्याच्या मागं पहाटे पाचला उठून बाटल्या उकळणारी एक बाई असते. सरकारी कागदात ती उद्या समाजावर भार होण्याचा संभव असलेली व्यक्ती आहे. १८८२च्या कायद्यापासून चालत आलेली ही भाषा. जिथं सरकारनं स्वतः काही केलेलं नाही, तिथं तिनं फुकट केलेलं काम राष्ट्रीय उत्पन्नातही येत नाही आणि तिच्या मुलाच्या पात्रतेतही. तिनं सांभाळलेल्या मुलांचा दिवसाचा दर लावून ती रक्कम स्पॉन्सरच्या उत्पन्नात धरा, अशी मागणी मी कुठल्याच विधेयकात वाचलेली नाही. मोटेलच्या काउंटरवरचा तो मुलगा अशा हिशेबानं आरामात पास झाला असता.

आणि ज्यांना पात्र ठरवण्यासाठी हा खटाटोप, त्यांना यायचं असतंच असंही नाही. सिटिझन झालेला मुलगा मोठ्या उमेदीनं आईवडिलांचं ग्रीन कार्ड करतो. दोन हिवाळ्यांनंतर कळतं की गाडी चालवता येत नसेल तर त्या उपनगरात भाजी आणायलाही मुलाच्या सुट्टीची वाट पाहावी लागते. वडिलांना कट्टा हवा असतो, आईला तिची भिशी. मग सहा महिने इथं, सहा महिने तिथं सुरू होतं. पण ग्रीन कार्ड म्हणजे तिथंच राहण्याचा वायदा. परवानगीशिवाय वर्षाहून जास्त बाहेर राहिलात तर ते सोडून दिलं असं धरतात, आणि वारंवार लांब राहणाऱ्याला विमानतळावर उलटतपासणी होते. कंटाळून काही जण कार्ड परत करतात आणि पुन्हा पर्यटक व्हिसा घेतात. त्यासाठी आय-४०७ नावाचा छोटासा फॉर्म आहे. त्याला फी नाही, उत्पन्नाची अट नाही, जन्माच्या दाखल्याला साक्षीदार लागत नाही. आईनं त्यावर सही केली आणि देश सोडला, की मुलाचा जामीनही सुटतो.